मॅटॅडोरचे ‘मूळ’ इंजिन

मागील आषाढीनंतर पंढरपुराहून मोहोळास परतताना पेनूरच्या पुढे आमच्या मॅटॅडोरच्या रेडिएटरची नळी फुटली. काटा तांबड्या रेघेपलीकडे गेल्याचे चालवणाऱ्याच्या ध्यानात येईपर्यंत पाणी संपले होते आणि इंजिन जाम झाले होते. मोहोळात ते खाली उतरवून उघडले, तेव्हा ब्लॉकला तडा गेलेला निघाला. तेव्हापासून गाडी एका गॅरेजाच्या आवारात लिंबाखाली उभी आहे, आणि तिच्यात आता कोणते इंजिन बसवावे, या प्रश्नावर आमच्या घरात वाद चालू आहे. वाद दिसायला यांत्रिक आहे. पण महिनोन्‌महिने तो ऐकल्यावर आमच्या असे ध्यानी आले की, अस्सल कशास म्हणावे, परंपरेत किती बदल खपतो, ज्ञान कोणाच्या हाती असावे, हे ज्या तंट्यांवर आपण येथे एरवी पुस्तकांच्या निमित्ताने लिहितो, तेच तंटे या तडकलेल्या ब्लॉकभोवती जमले आहेत. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस करतो. ज्यांना पान्या-स्क्रूचा कंटाळा आहे त्यांनी मधले दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत.

गाडी १९९३ची आहे. मागची बाके काढून तेथे फळ्यांचे दोन माचे केलेले आहेत. माच्यांखाली शिध्याच्या पेट्या, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, दाराशी पाण्याची टाकी, टपावर तंबू आणि बांबू. इंग्रजीत अशा गाडीला ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. आमच्या घरात तिला तसे कोणी कधी म्हटलेले नाही. ती ‘दिंडीची गाडी’. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे तीन आठवड्यांच्या वाटचालीत दिंडी पायी चालते आणि गाडी पुढे जाऊन मुक्कामी चूल पेटवते. ज्यांचे पाय सुजले, ज्यांना ताप आला, ज्यांचे वय झाले, ते तिच्यात बसतात आणि रात्री तिच्यातच निजतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा घरोबा अंगावर घेऊन फिरणारी गाडी ही काही नवीच कल्पना या राज्यात येत आहे, असा सूर वृत्तपत्रांतून लागला होता. आषाढात दिवे घाटाच्या पायथ्याशी उभे राहून कोणी ट्रक, टेम्पो आणि मॅटॅडोर मोजले असते, तर तो सूर जरा खाली आला असता. असो.

आता वादातील पक्ष. पहिला पक्ष आमच्या एका चुलतभावाचा. त्यांना जुन्या मोटारी जतन करण्याचा छंद आहे. त्यांचे म्हणणे असे की, तडा सांधून घ्यावा, खर्च कितीही येवो. गाडीबरोबर आलेला ब्लॉक गेला की गाडी गेली, मग उरते ती केवळ पत्र्याची खोळ. दुसरा पक्ष पुतण्याचा. तो पुण्यास एका कारखान्यात नोकरीला आहे. अपघातात चेपलेल्या एखाद्या स्विफ्टचे किंवा इंडिका व्हिस्टाचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन भंगारातून घ्यावे, त्याला शोभेल असा गिअर बॉक्स जुळवावा, आणि गाडी ‘आजची’ करून टाकावी, असा त्याचा आग्रह आहे. वहिनी त्याच्या बाजूला झुकलेल्या आहेत, पण कारण निराळे. “भावजी, तुमचं मूळ-बिळ राहू द्या,” असे त्या आम्हांला म्हणाल्या, “रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसांना घेऊन गाडी रस्त्यात उभी राहायला नको, एवढं बघा.” तिसरा पक्ष गॅरेजवाल्या मेस्त्रींचा, त्यांना मोडीत निघालेल्या एका ट्रॅक्सचे, म्हणजे आमच्या गाडीच्याच जातकुळीचे, हाफ इंजिन ठाऊक आहे.

चुलतभावांच्या पक्षाला प्रथम उत्तर देतो. कारण आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला तोच पक्ष सर्वांत मोहात पाडतो. मूळ प्रत, मूळ संहिता, मूळ हस्ताक्षर यांवर आमचा पिंड पोसलेला. परंतु मॅटॅडोरचे ‘मूळ’ शोधावयास गेले की हातात काय येते, ते पाहावे.

हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातील व्हिडाल अँड सोन या कारखान्याने ‘टेम्पो’ या आपल्या छापाखाली ‘मॅटॅडोर’ नावाची छोटी मालगाडी १९४९ साली काढली. तिला स्वतःचे इंजिन नव्हते. फोक्सवागनच्या बीटल मोटारीचे हवेने थंड होणारे, पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन विकत घेऊन ते तिच्यात बसवलेले होते. १९५० साली फोक्सवागनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली, आणि १९५२ पर्यंत या स्पर्धकाला इंजिने देणे बंद केले. मग मॅटॅडोरमध्ये विमाने बांधणाऱ्या हाइंकेलची इंजिने आली, आणि त्याच दशकात पुढे ब्रिटिश ऑस्टिनची. इकडे फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून आधी तीनचाकी ‘हॅन्सीट’ व नंतर चारचाकी गाड्या काढल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस मॅटॅडोर महाराष्ट्रात घडू लागली. पुढे १९८०च्या दशकात या कंपनीने मर्सिडीजचे ‘ओएम ६१६’ हे २४०४ सीसीचे डिझेल इंजिन परवान्याने बनवायला घेतले. हे इंजिन १९७३ साली जन्माला आले ते ‘२४० डी’ या मोटारीसाठी. जर्मनीत ती टॅक्सी म्हणून मातबर होती. तेच इंजिन येथे ट्रॅक्समध्ये गेले, ट्रॅव्हलरमध्ये गेले, आणि आमच्या मॅटॅडोरमध्येही होते. म्हणजे चुलतभाऊ ज्या ब्लॉकला मूळ म्हणून कवटाळतात, तो एका जुन्या घाटाच्या व्हॅनमध्ये तुलनेने नव्या मोटारीचे इंजिन घातल्याचाच दाखला आहे. भंगारवाल्याऐवजी कारखान्याने ते केले, एवढाच फरक.

(जाता जाता एक गोष्ट. ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत आता इतका मुरला आहे की तो एका जर्मन कारखान्याचा छाप होता, हे कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही. आणि ‘मॅटॅडोर’ म्हणजे स्पेनमधला बैल मारणारा; माउलींचा रथ जेथे बैल ओढतात त्या वाटेवर हे नाव वर्षानुवर्षे मिरवत गेले, आणि कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत.)

असे दाखले आणखीही आहेत. कुर्ल्यात प्रीमियरने १९८५ मध्ये काढलेली ‘११८ एनई’ ही फियाट १२४ची काया होती आणि तिच्यात हृदय निसानचे होते. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. पण नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिच्यात इसुझूचे अठराशे सीसीचे इंजिन घातले गेले, आणि २०१४ साली ती बंद पडेपर्यंत कोणी तिला तोतया म्हटले नाही. जगभर कॅम्पर व्हॅन म्हणून जी पुजली जाते ती फोक्सवागनची गाडीच घ्या. हौशी लोक तिच्यात सुबारूचे इंजिन बसवतात, तेव्हा भाविक मंडळी भ्रष्टाचार झाला म्हणून कपाळाला हात लावतात. पण ब्राझीलमध्ये २००५च्या डिसेंबरात खुद्द कंपनीनेच तिचे हवेने थंड होणारे इंजिन काढून छोट्या मोटारींचे पाण्याने थंड होणारे १.४ लिटरचे इंजिन बसवले, तिच्या नाकाडावर रेडिएटरची काळी जाळी लावली, आणि २०१३च्या अखेरीपर्यंत ती तशीच विकली. भाविकांनी तीही संग्रहात ठेवली आहे!

मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू यवन राजाला विचारतात की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे चाक काय, आस काय, जू काय. आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले नाव ठरते. एवढा सूक्ष्म विचार बाजूला ठेवला, तरी आमच्या वाङ्मयाने दोन रीती फार पूर्वीच वेगळ्या ओळखल्या आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी घुसवू नये, असे बजावले. ती झाली जतनाची रीत. आणि गोविंद बल्लाळ देवलांनी मोलिएरच्या १६६०च्या ‘स्गानारेल’चे कथानक, आर्थर मर्फीच्या १७६१च्या ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी नाटकावाटे उचलून, आधी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ आणि मग १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ केले, ती झाली रूपांतराची रीत. फ्रेंच इंजिन, इंग्रजी गिअर बॉक्स आणि मराठी बांधा! ते नाटक आजही चालते आणि प्रयोगाला बसलेल्या प्रेक्षकाला मोलिएरची आठवणही होत नाही. दोन्ही रीती सन्मान्य आहेत. एकीचे नियम दुसरीला लावले की घोटाळा होतो. आमची गाडी पोथी नाही, ती प्रयोग आहे. दर आषाढात तिला रंगमंचावर उभे राहावे लागते. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांपलीकडच्या ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली आणि तिच्यात सांगाडा, काया वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली. संग्रहालयाच्या वस्तूला ती अट योग्यच आहे. तीस माणसांचा शिधा वाहणाऱ्या गाडीला ती लावणे आम्हांला मान्य नाही. तेव्हा चुलतभावांचा ब्लॉक सांधण्याचा प्रस्ताव, तडा सिलिंडरापर्यंत पोहोचलेला असल्याने, आम्ही आदरपूर्वक बाजूला ठेवला.

येथवर पुतण्या खूश होता. इंजिन बदलणे हा विटाळ नाही, हे त्याने आमच्याच तोंडून वदवून घेतले होते. पण त्याच्या प्रस्तावाशी आमचा खरा झगडा येथूनच सुरू होतो.

त्याच्या मनात असलेले इंजिन उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. फियाटचे मल्टीजेट, मारुतीने मानेसरला आणि फियाटने आमच्याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला ते घडवले, इतक्या निरनिराळ्या गाड्यांत ते गेले की लोक त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत, आणि २०२० साली नवे प्रदूषण-नियम आले तेव्हा ते येथे बंद झाले. ‘ओएम ६१६’ मोटारीत असताना आरंभी ६५ अश्वशक्ती देई. हे निम्म्या आकाराचे इंजिन ७५ देते, डिझेल कमी पिते, खडखडत नाही. मात्र ते घडले आहे छोट्या मोटारीच्या नाकात आडवे बसण्यासाठी. मॅटॅडोरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, चालक आणि शेजारचा यांच्या मधोमध, रेक्झिनने मढवलेल्या झाकणाखाली बसते. म्हणजे फाउंडेशने नवी करावी लागतात. इंजिन व गिअर बॉक्स यांच्यामध्ये घालायची जाड पट्टी लेथवर अशी कापावी लागते की दोन्ही दांड्यांचा मध्य केसभरही हलू नये; हलला तर क्लच आणि बेअरिंग दर काही महिन्यांनी मागणी करू लागतात. ऑइल पॅन खालच्या आडव्या पट्टीला अडते. रेडिएटर बदलावा लागतो. गिअरांचे प्रमाण जुन्या, संथ आणि दमदार इंजिनासाठी योजलेले. नव्याची ताकद दोन हजार फेऱ्यांच्या आसपास येते, त्यामुळे दिंडीमागे पायी चालीने गाडी नेताना क्लच जाळत राहावे लागते. आणि ब्रेक १९९३चेच. हे सगळे हातोडी-वेल्डिंगचे काम आहे आणि मोहोळात ते होऊ शकते. कोठल्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर काय काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला शंका येणार नाही.

जे होऊ शकत नाही ते वायरिंग. जुन्या डिझेल इंजिनाला विजेची गरज सुरू होण्यापुरती: हीटर प्लग तापवायचे आणि स्टार्टर फिरवायचा. बॅटरी उतरली तर चार जण धक्का देतात. एकदा चालू झाले की ते पंपावर चालते. पंप हे पोलादी यंत्र आहे, ते उघडता येते, त्याच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. नोझल शंभर-सव्वाशे बार दाबाला उघडते. नव्या इंजिनात डिझेल चौदाशे ते सोळाशे बारच्या दाबाने एका नळीत तुंबवून ठेवलेले असते आणि ते कधी, किती, किती वेळा सोडायचे हे संगणकाची एक पेटी ठरवते. त्या पेटीला सतत बातम्या लागतात: क्रँक कोठे आहे, हवा किती आली, पाणी किती तापले, चालकाने पायाने किती मागितले. एक बातमी चुकली की ती इंजिनाला अंग चोरून चालायला लावते. चावीतली खूण पटली नाही तर चालूच देत नाही. म्हणजे चेपलेल्या स्विफ्टचे नुसते इंजिन आणून भागत नाही, तिची अर्धी मज्जासंस्था आणावी लागते, आणि जे तिच्याबरोबर येत नाही त्याचा आभास पेटीसाठी निर्माण करावा लागतो.

पुतण्या म्हणतो की, काका, स्कॅनर आता तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि या इंजिनाचे जाणकार गल्लोगल्ली आहेत. खरे आहे. पण ते जाणकार स्विफ्टमधल्या इंजिनाचे आहेत. आमच्या मॅटॅडोरमध्ये जे तयार होईल, त्याचा आराखडा कोणत्याही पुस्तकात असणार नाही. कोणती तार कोठे जोडली, कोणती तोडून तिच्या जागी खोटा संदेश दिला, हे पुण्यातल्या ज्या एका कारागिराने केले त्याच्या डोक्यात राहील. नातेपुत्याजवळ पावसात गाडी बंद पडली, तर स्कॅनर एक आकडा दाखवील आणि त्या आकड्याचा अर्थ त्या गाडीपुरता खोटा असेल. पोथ्यांच्या भाषेत सांगायचे तर ही एकच प्रत असलेली, एकाच वाचकाला लागणारी संहिता आहे. याउलट ट्रॅक्सचे, ट्रॅव्हलरचे, मॅटॅडोरचे जुने इंजिन गावोगावच्या लोकांनी इतक्या वेळा उघडले आहे की त्याचा पाठ हातांत बसला आहे. मोहोळच्या मेस्त्रींनी आम्हांला हे फार थोडक्यात सांगितले: “साहेब, ह्याला काय झालं तर ते आधी सांगतंय. धूर पांढरा होतोय, आवाज बदलतोय, तेल खातंय. त्या नव्याला इचारायला दुसरं मशिन आणावं लागतंय.”

तेव्हा आमचे म्हणणे असे की, गाडीचा अस्सलपणा कारखान्याने काय दिले यावर ठरत नाही. ती ज्या वाटेने चालते त्या वाटेवर किती जणांना तिचा पाठ लावता येतो, यावर तो ठरावा. या कसोटीला भंगारातल्या ट्रॅक्सचे इंजिन उतरते आणि पुतण्याचे सुंदर इंजिन उतरत नाही. वहिनींची रात्री दोनची भीती खरीच आहे, परंतु तिचे उत्तर नव्या इंजिनात आहे असे आम्हांला वाटत नाही. नवे इंजिन कमी वेळा बंद पडेल, हे कबूल. पण बंद पडेल तेव्हा सकाळपर्यंतच नव्हे, तर पुण्याहून माणूस येईपर्यंत बंद राहील. जुने अधिक वेळा अडेल, आणि शेजारच्या दिंडीतल्या ट्रकचा क्लीनर खाली उतरून अर्ध्या तासात ते चालू करील. हे आम्ही दोनदा पाहिले आहे.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे आमचा युक्तिवाद लंगडतो, आणि तो पुतण्याने नव्हे, आमच्या आत्याने घेतला. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, अजून रोज निदान एक टप्पा पायी चालतात. त्या म्हणाल्या की, तुम्ही आत बसून आवाज ऐकता, आम्ही मागून चालतो आणि धूर खातो. याला उत्तर नाही. पंढरीच्या वाटेवर जुन्या डिझेल गाड्यांचा जो काळा लोट चालणाऱ्यांच्या तोंडावर येतो, तो कोणत्याही अस्सलपणाने पवित्र होत नाही. आमच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, अशा अदलाबदलीत नव्या इंजिनाबरोबर त्याची धूर गाळणारी यंत्रणा क्वचितच बसवली जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जागा नाही म्हणून तो भंगारात राहतो, ईजीआर कटकट करतो म्हणून पत्रा लावून बंद केला जातो, आणि मग जे बाहेर पडते ते स्विफ्टच्या कागदावरचे नसते. तरीही पंप नीट बसवलेल्या जुन्या इंजिनापेक्षा ते बरेच असेल, हे आत्यांना नाकारून सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

आणि येथेच कायद्याविषयी आमची तक्रार आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. बॅटरी, सीएनजी अशा निराळ्या इंधनाचा मान्यताप्राप्त संच बसवण्यास कायद्यात वाट ठेवली आहे, आणि ती योग्य आहे. पण जुने, धुरकट डिझेल इंजिन काढून त्याहून स्वच्छ असे दुसऱ्या मेकचे इंजिन, ब्रेकसह तपासून घेऊन, बसवण्याची सरळ वाट सामान्य मालकाला नाही. जर्मनीत असा फेरफार तपासनिसापुढे ठेवून, पास झाला तर गाडीच्या कागदांत लिहून घेता येतो. येथे जो प्रामाणिकपणे विचारायला जाईल त्याला नकार मिळतो, आणि जो न विचारता करील तो विम्याशिवाय, चुकीच्या इंजिन क्रमांकासह, पन्नाशीपलीकडची माणसे घेऊन महामार्गावर फिरतो. पुतण्याच्या माहितीतल्या कारागिराने ‘कागदाचं बघू नंतर’ असे म्हटले, तेव्हाच खरे तर आमच्यापुरता निकाल लागला होता.

कायद्याने तपासणीची वाट द्यावी, आणि तिच्याबरोबर दुसरीही गोष्ट मागावी: जे इंजिन रस्त्यावर येते त्याच्या वायरिंगचा आराखडा आणि त्याच्या पेटीची भाषा कोणत्याही मेस्त्रीला मिळाली पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटारींच्या बाबतीत हा हक्क २०१२ साली मतदानाने मिळवला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस संकेतस्थळ उघडले, आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. संकेतस्थळावर ग्राहकाला पत्ते मिळतात. मोहोळच्या गॅरेजात बसलेल्या माणसाला जे हवे ते याहून अधिक आहे. आज आम्ही जुने इंजिन निवडतो ते जुने चांगले म्हणून निवडत नाही. नव्याचा पाठ आम्हांपासून कुलपात ठेवला आहे, म्हणून निवडतो. ते कुलूप निघाले तर आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा कोसळेल, आणि आत्यांच्या दृष्टीने ते बरेच होईल.

तूर्त ट्रॅक्सचे हाफ इंजिन आणलेले आहे. त्याचा क्रमांक नोंदणीपत्रावर चढवण्यासाठी कागद सोलापूरच्या परिवहन कार्यालयात दिले आहेत; पंपही सोलापुरास बसवणीला गेला आहे, आणि मेस्त्रींना आम्ही बजावून सांगितले आहे की ताकद थोडी कमी झाली तरी चालेल, पण धूर कमीत कमी निघेल असा तो बांधून घ्यावा. पुतण्याने अबोला धरलेला नाही; गाडीचे पुढचे ब्रेक नवे करण्याचा खर्च त्याने स्वतःकडे घेतला आहे. चुलतभाऊ तडकलेला ब्लॉक घेऊन गेले. तो ते धुऊन, रंगवून दिवाणखान्यात ठेवणार आहेत.

परवा गॅरेजात गेलो होतो तेव्हा मेस्त्रींचा मुलगा तेथे होता. तो पुण्यात एका सर्व्हिस सेंटरात आहे, सुटीवर आला होता. वडील पिस्टनच्या रिंगा बसवत होते, तो बाजूला उभा राहून पाहत होता. तुला हे येते का, म्हणून आम्ही त्याला विचारले. “बघून कळतंय,” तो म्हणाला, “पण आमच्याकडं ब्लॉक उघडतच न्हाईत. पुरा बदलतात.” वडिलांनी मान वर न करता त्याला बारा नंबरचा पाना मागितला.